माझा चेंडू मीच निवडणार

माझा चेंडू 'टण्ण' असा आवाज करत कशावर तरी आदळला आणि पाठोपाठ धुक्यातून कुणीतरी ओरडलं, "अरे बापरे!"

मी गोल्फची स्टिक तिथंच टाकली आणि पळत सुटले.

जानेवारीतली सकाळ होती. धुकं आणि कोळशाची धूळ अशी एकमेकांत मिसळली होती की सहाव्या होलच्या पलीकडचा नाला दिसतच नव्हता. तिथं माणूस असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. काठावर जाऊन पाहते तो काय — पायात गमबूट, अंगात नारिंगी जाकीट, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात माझा चेंडू. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट एका कानावर कललेलं.

"लागलं का हो?" मी धापा टाकत विचारलं.

"हेल्मेटले लागलं. मले नाही."

"सॉरी... मी ओरडणारच होती, पण —"

"पण बॉल तुमच्यापेक्षा फास्ट निघाला."

मला हसू आलं. ते दाबून मी हात पुढं केला. त्यानं चेंडू दिलाच नाही. अंगठ्यानं दाबून पाहिला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला.

"हा किती दिवस पाण्यात होता?"

"तुम्हाले काय करायचं?"

"पाणीच तपासतो मी, खाणीच्या लॅबमधी. सँपल घ्यायले आलतो. याच्यावर शेवाळाचा डाग आहे. अन् कोणाचं तरी नाव लिहिलं आहे, के. एस. तुम्ही के. एस. का?"

"मी रुपाली."

"मी अश्वजित," तो म्हणाला, आणि मग, "रोज वेगळ्या बॉलनं खेळता?"

"रोज काय, दर होलले वेगळा. हरवला का दुसरा. नाल्यात पुष्कळ सापडतात."

त्यानं चेंडू पुन्हा अंगठ्यानं दाबला. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "मंग तुमचा मार चुकला का बॉलच खराब होता, हे कसं कळते तुम्हाले?"

मी चेंडू त्याच्या हातातून ओढून घेतला आणि परत फिरले.

तो प्रश्न दिवसभर कानात वाजत राहिला. कारण तो माझ्या वर्मावरचा प्रश्न होता.

माझे बाबा, भीमराज, वणीजवळच्या खाणीत डंपर चालवतात. खाणीच्या कॉलनीमागे साहेब लोकांचं नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. मैदान म्हणजे काय, पावसाळ्यात गवत, बाकी आठ महिने माती. होलभोवती गवताचे गालिचे, म्हणजे ग्रीन, आमच्याकडे नाहीत, ब्राउन आहेत — तेल मिसळून चोपलेली रेती, आणि तिच्यात रोवलेला झेंडा. ती रेती चोपणारे बाबाराव आमचे शेजारी. तेरा वर्षांची असताना मी त्यांच्या मागे लागले आणि त्यांनी एक जुनी स्टिक माझ्या हातात दिली. आता मी तेवीस वर्षांची होते. वणीच्या शाळेत खेळ शिकवत होते आणि सकाळी साहेब लोक यायच्या आधी खेळून घेत होते. मागच्या वर्षी नागपूरला महिलांच्या राज्य संघाची निवड होती. दोन दिवस, दोन फेऱ्या, सहा जागा; फटके जिचे कमी, ती पुढं. मी फक्त तीन फटक्यांनी मागं राहिले. घरी येऊन रडले नाही. दाराच्या आत खडूनं लिहिलं — 'पुढच्या वर्षी.'

ते पुढचं वर्ष आलं होतं. निवड सहा आठवड्यांवर होती.

क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी मोठ्या मनानं नव्या चेंडूंचा एक डबा दिला होता. "मोठे खेळाडू हाच बॉल वापरतात, बेटा." मी तो कपाटात जपून ठेवला होता, नागपूरसाठी. तोवर नाल्यातले होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो डबा फोडला. आणि सहाव्या होलवर पोहोचले तर नाल्याच्या काठावर नारिंगी जाकीट. आज मात्र हेल्मेट नीट, पट्टा बांधलेला.

"आज पण सँपल?" मी विचारलं.

"सँपल आठवड्यातून एकदाच राहते."

"मंग?"

"मंग... काही नाही." त्यानं खिशातून वही काढली. "मले वाटलं, मोजून पाहावं."

अशी आमची मोजणी सुरू झाली. त्याला गोल्फमधलं काही कळत नव्हतं आणि ते तो लपवतही नव्हता. पण मोजण्याचं त्याला वेड होतं. त्यानं नागपूरच्या मित्राकडून आणखी एका प्रकारचे चेंडू मागवले, मऊ, दोनच थरांचे. मग रोज साडेसहाला मी प्रत्येक चेंडूचे दहा फटके मारायचे आणि तो लांब लांब टांगा टाकत पावलं मोजायचा. नाल्यातला चेंडू एकशे पन्नास पावलं, कधी एकशे तीस. साहेबांचा एकशे पासष्ट, पण उजवीकडे पळणारा. मऊ चेंडू एकशे बहात्तर, आणि बराचसा सरळ.

"डोळे मिटा," एकदा तो म्हणाला.

"कायले?"

"मिटा तर."

मी डोळे मिटले. त्यानं एकेक चेंडू माझ्या तळहातावर ठेवला, मग खाली ठेवून मला पटरनं, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायच्या चपट्या स्टिकनं, हळूच ढकलायला लावलं. एकाचा आवाज 'टक्' असा, कडक. दुसऱ्याचा 'ठप्' — जशी पिकलेली चिंच पडावी.

"कोणता बरा वाटते हाताले?"

"दुसरा."

"माझे बाबा दिग्रसच्या जिनिंगमधी कापूस पारखतात," तो म्हणाला. "दोन बोटांत धागा ओढून सांगतात, कसा आहे ते. मशीन नंतर तेच सांगते. हाताले आधी कळते."

मी डोळे उघडले. तो माझ्या हाताकडेच पाहत होता. लगेच वहीत डोकं घातलं त्यानं... आणि कान लाल झाले. मी टोपी डोळ्यांवर ओढली. मला वाटलं, थंडी आज जरा कमीच आहे.

पुढच्या रविवारी तो आमच्या घरी आला. अंगणात बादली मांडली, पाणी ओतलं आणि मिठाचा अख्खा पुडा त्यात रिकामा केला. माझी आई इंदूबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"काहून रे बापू, बॉलचं लोणचं घालतो का?"

"नाही मावशी. खाऱ्या पाण्यात बॉल तरंगते. जी बाजू जड असन ते खाली जाते. दर वेळी फिरवून तीच बाजू वर आली तर समजायचं, बॉल सरळ नाही चालत."

आईनं पदर खोचला आणि बादलीशी बसली. नाल्यातला चेंडू सोडला की तो दर वेळी वळून तोच डाग वर आणायचा. नवे मात्र कसेही थांबायचे. आईला इतकी गंमत वाटली की तिनं शेजारच्या भागीरथाकाकूंना हाक मारली. आम्ही दोघं बादलीच्या दोन बाजूंना उकिडवे बसलो होतो. पाण्यात चेंडू फिरवताना बोटांना बोटं लागली. दोघांनीही हात काढले नाहीत. एक क्षणभर... मग आई म्हणाली, "चहा ठेवते," आणि आम्ही एकदम ताठ झालो.

जाताना फाटकाशी त्यानं वही उघडली. सगळे आकडे रेघा मारून लिहिलेले.

"मी हिशोब लावला," तो म्हणाला. "तुमच्यासाठी मऊवालाच बरा."

"माझ्यासाठी म्हणजे?"

"म्हणजे... साहेबांचा बॉल जोरानं मारणाऱ्याले पाहिजे. तुमचा वेग जरा —"

"जरा काय?"

"हळू आहे," तो म्हणाला.

माझ्या मस्तकात काहीतरी फटकन् तुटलं. दहा वर्षं मी हेच ऐकत आले होते. बाईच्या जातीला हा खेळ कशाला, डंपरवाल्याच्या पोरीला कशाला, हळू मार, जपून मार, मऊ मार.

"मले नाजूक समजता का तुम्ही?"

"तसं नाही, मी मोजलं म्हणून —"

"मोजलं! पावलं मोजली म्हणून खेळ कळला का? ठेवा तुमची वही तुमच्यापाशी."

फाटक मी जरा जोरातच लावलं. मग गमबुटांचा आवाज लांब लांब गेला.

तीन दिवस तो आला नाही. बरंच झालं, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसातून दहा वेळा सांगावं लागलं.

पण राग आला म्हणून आकडे बदलत नाहीत. चौथ्या दिवशी मी एकटीच उभी राहिले आणि मऊ आणि साहेबांचा, दोन्ही चेंडूंचे वीस वीस फटके मारले. पावलं स्वतः मोजली. तो खरं बोलला होता. मऊ चेंडू लांब जात होता, सरळ जात होता. मला खूप राग आला — या वेळी स्वतःचा.

"झालं मंग," बाबाराव म्हणाले. ते पाण्याच्या टाकीजवळ बसले होते. टाकी सतत झिरपते, त्यामुळे तिथं अंगणाएवढ्या जागेत बारमाही हिरवं गवत असतं. ते त्यांनी कापून कापून गादीसारखं केलं होतं. "लांब जाते ना? पण नागपूरले ब्राउन नाही पोरी, खरं ग्रीन आहे. तिथं बॉल थांबवा लागते. टाक बरं एक इकडं."

मी वीस पावलांवरून उंच चेंडू टाकला. मऊ चेंडू गवतावर पडला, सरकला आणि सरळ टाकीच्या भिंतीला जाऊन लागला. परत टाकला. परत भिंत. मग साहेबांचा टाकला. तो पडला, एकदा उडाला आणि जागच्या जागी थबकला.

मी गवतावर मांडी घालून बसले. एक लांब जातो पण थांबत नाही. एक थांबतो पण सरळ जात नाही. तीन फटके कुठं गेले होते ते मला आज कळत होतं. मागच्या वर्षी नागपूरच्या हिरव्या गवतावर माझे चेंडू असेच घसरत पलीकडे गेले होते.

"मंग आता?" बाबाराव म्हणाले.

"मंग तिसरा शोधते," मी म्हणाले. "माझा चेंडू मीच निवडणार."

शनिवारी पहाटेची एसटी पकडून मी नागपूरला गेले. निवडीआधी सरावाला मैदान खुलं होतं. तिथं चांगले कपडे, चांगल्या पिशव्या घेऊन मुली आल्या होत्या. मी एकेकीपाशी गेले. "ताई, तुमचा एक बॉल टाकून पाहू का? परत देते." काही हसल्या, एकीनं पाठ फिरवली. बाकीच्यांनी दिले. एकाच जागेवरून, एकाच स्टिकनं, मी सात प्रकारचे चेंडू टाकले. आधी झेंड्याजवळून, मग थोडं मागं, मग आणखी मागं. दुपारी एका वयस्कर बाईंनी तीन थरांचा चेंडू दिला — आतून मऊ, वरचं आवरण पातळ, जरा चिवट. तो गवतावर पडला, दोनदा उडाला... आणि थांबला. टीच्या खुंटीवर ठेवून मारला तर सरळ गेला. मऊवाल्यापेक्षा चार पावलं कमी, एवढंच. पटरला लागला तेव्हा आवाज आला — 'ठप्'.

मी तो दहा वेळा मारला. दहाही वेळा मला आधीच कळलं की तो कुठं जाईल.

सोमवारी सकाळी मी मैदानावर गेलेच नाही. सरळ लॅबच्या फाटकावर गेले. अश्वजित बाटल्यांचा क्रेट घेऊन बाहेर येत होता. मला पाहून क्रेट घेऊन तसाच उभा राहिला.

"तुमचं अर्धं बरोबर होतं," मी म्हणाले.

"अन् अर्धं?"

"अर्धं माझं." मी नागपूरहून विकत आणलेल्या डब्यातला चेंडू खिशातून काढून दाखवला आणि सगळं सांगितलं — टाकी, भिंत, नागपूर, सात चेंडू. त्यानं क्रेट खाली ठेवला. चेंडू हातात घेतला, दाबला, नखानं आवरण चाचपलं.

"मी फक्त लांबी मोजली," तो हळूच म्हणाला. "थांबणं मोजलंच नाही. माझीच चूक. अन् त्या दिवशी बोललो ते..."

"ते खरं होतं. माझा वेग कमी आहे. मले ऐकवलं नाही गेलं."

"पण तुम्ही नाजूक नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "मी असं कधी... तुम्ही तर... बापरे, नाजूक अन् तुम्ही!"

मी इतकी हसले की फाटकावरचा चौकीदार वळून पाहू लागला.

"'तुम्ही' पुरे आता," मी म्हणाले. "तू म्हण."

"तू," तो म्हणाला. नुसतंच. आणि पुढं काय बोलायचं होतं ते विसरला.

उरलेले दिवस एकाच चेंडूनं खेळले. हरवला की त्याच डब्यातला, तसाच, दुसरा. अश्वजित रोज यायचा. निवडीच्या दोन दिवसांपैकी दुसऱ्या दिवशी माझी स्टिकांची पिशवी तो उचलणार असं ठरलं. आणि मग आठ दिवस आधी तो पडेल चेहऱ्यानं आला. त्याचं इथलं काम कंत्राटी होतं, फेब्रुवारीअखेर संपणार होतं. बल्लारपूरच्या एका लॅबमधली पक्की नोकरी होती, आणि तिचा इंटरव्ह्यू नागपूरलाच, नेमका त्याच दिवशी, त्याच सकाळी.

"मी सोडतो इंटरव्ह्यू," तो म्हणाला. "दुसरी येईन नोकरी."

"सोडून तर पाहा," मी म्हणाले. "जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

"पण पिशवी —"

"पिशवी बाबाराव उचलतील. मी माझं खेळीन, तू तुझं बोल. एकासाठी दुसऱ्यानं हरायचं नाही. समजलं?"

"समजलं," तो म्हणाला. मला तेव्हाच काहीतरी सांगायचं होतं त्याला. पण मी ठरवलं — आधी खेळ.

पहिल्या दिवशी मी आठवी होते. दुसऱ्या दिवशी ऊन चढत गेलं तशी मी एकेक जागा वर सरकत गेले की काय, मला माहीत नाही. बाबारावांनी फळ्याकडे पाहूच दिलं नाही. अठराव्या होलवर माझा चेंडू ग्रीनच्या अलीकडे वीस पावलांवर पडला. मध्ये वाळूचा मोठा खड्डा, त्याला लागूनच झेंडा. मागच्या वर्षी इथंच मी घाबरून बाजूनं खेळले होते.

"बाजूनं जातं का?" बाबाराव पुटपुटले.

"नाही."

मी उंच मारला. चेंडू खड्ड्यावरून गेला, गवतावर पडला, एकदा उडाला, दोनदा उडाला... आणि झेंड्याच्या दीड हातावर थांबला. पटरनं ढकलला. होलमध्ये पडताना जो आवाज येतो, त्याच्यासारखा आवाज जगात नाही.

फटक्यांचं कार्ड देऊन मी बाहेर आले. यादी लागायला अर्धा तास होता. बाबाराव पाणी प्यायला गेले. आणि गेटमधून अश्वजित धावत आला — इस्त्रीचा शर्ट घामानं चिकटलेला, गळ्यातला टाय खांद्यावर, काळ्या बुटांवर धूळ.

"काय झालं? लागली का यादी?"

"नाही अजून. तुझं?"

"चार दिवसांनी सांगतो म्हणाले. तुझे किती झाले? कितवी —"

"थांब," मी म्हणाले. "यादी लागायच्या आधी मले एक सांगायचं आहे."

"आधी काहून?"

"कारण नाव आलं तर तुले वाटन, खुशीत बोलून गेली. नाही आलं तर वाटन, रडत बोलली. अन् तुझी नोकरी लागली का नाही, तेही अजून आपल्याले माहीत नाही. म्हणून आत्ताच सांगते." मी मोठा श्वास घेतला. "अश्वजित... मले तू आवडतोस. संघात गेली तरी, नाही गेली तरी. तू बल्लारपूरले गेला तरी, दिग्रसले गेला तरी. मी पूर्ण विचार करून सांगून राह्यली."

आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. कुठंतरी कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"बोल ना काही," मी म्हणाले.

"मी अख्खं भाषण पाठ करून आलतो," तो म्हणाला. "बसमधी. इंटरव्ह्यूची तयारी कमी, अन् त्याचीच जास्त केली."

"मंग म्हण."

"आता एक शब्द आठवत नाही." त्याचे डोळे ओले झाले होते आणि तो हसत होता. "शेवटचं वाक्य तेवढं आठवते. तुझ्या घरी आईबाबांले भेटायले येऊ का?"

"ये," मी म्हणाले. माझा हात त्याच्या हातात कधी गेला, कळलं नाही. "पण टाय सरळ करून ये."

यादी लागली तेव्हा गर्दी झाली. त्यात घुसायची मला घाई नव्हती, पण बाबाराव आधीच घुसले होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. ते तिथूनच ओरडले, "पोरी, सहा नावं आहेत! तुझं कोणतं ते सांग लवकर!"

मी जवळ गेले. सहाव्या ओळीवर माझं नाव होतं, पुढं बाबांचं — रुपाली भीमराज. सातवीपेक्षा एक फटका कमी.

(अश्वजितला बल्लारपूरची नोकरी मिळाली, हे चार दिवसांनी कळलं. वणीहून तासा-दीड तासाची वाट आहे. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं, आणि त्यानं काही अडलंही नव्हतं.)

मी बाबांना फोन लावला. ते शिफ्ट संपवून डंपर यार्डात लावत होते. इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू जाईना.

"काय म्हणते? मोठ्यानं बोल!"

"बाबा, आधी गाडी बंद करा! दोन गोष्टी सांगायच्या आहेत!"

"दोन?"

पलीकडे इंजिन थांबलं. एकदम शांत झालं. शेजारी अश्वजित घाईघाईनं टाय सरळ करत होता, जणू बाबांना फोनमधून दिसणार होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि सांगायला सुरुवात केली.